गाडीतला टेप, ॲम्प आणि वायरींचा गुंता : घरी बसवलेल्या साऊंड सिस्टिमचे अनुभव

ओझरकर

झेन भंगारात द्यायची ठरली म्हणून काल टेप काढून घ्यायला बसलो. डॅशमागे हात घातला तर प्रत्येक वायरीला कापडी चिकटपट्टीची छोटी झेंडी आणि तिच्यावर बाबांचं अक्षर. 'पि. – कायम', 'ला. – चावी', 'का. – बॉडी', 'नि. – ॲम्प'. म्हणजे पिवळी, लाल, काळी आणि ॲम्प्लिफायरची निळी. शाई फुटलीय, पण वाचता येतं. बाबा ओझरला एचएएलमध्ये होते, विमानांच्या वायरिंगमध्ये हयात गेली. टेप बसवायला गाडी दुकानात देणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

बॅटरीचं निगेटिव्ह सोडल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू द्यायचे नाहीत. मागच्या ट्रेवर ६ बाय ९ चे ओव्हल स्पीकर बसवायचे होते, पण मूळ ट्रे इतका हलका की स्पीकरपेक्षा ट्रेच जास्त वाजला असता. मग पुठ्ठ्याचा साचा काढून प्लाय कापला, वर काळं कार्पेट. अर्थसाठी मागच्या सीटखाली रंग पॉलिशपेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, लग (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) कसला, वरून ग्रीस. बॅटरीची जाड वायर डाव्या बाजूने आणि आरसीए, म्हणजे टेपचा आवाज ॲम्पला नेणारी वायर, उजव्या बाजूने. का, तर शेजारी ठेवल्या की आल्टरनेटरची शिट्टी गाण्यात येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढते.

ट्यूनिंग म्हणजे आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या. निवेदकाचा आवाज नाकातून आला तर ट्रेबल-बास पुन्हा फिरवायचं, घशातून घुमला तरी पुन्हा. 'माणसाचा आवाज माणसासारखा आला की गाणी आपोआप बरी वाजतात' हा त्यांचा सिद्धांत. आता माझ्या फोनमध्ये ग्राफ काढणारं ॲप आहे, तरी मी आधी बातम्याच लावतो.

तर मंडळी, घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मामाच्या अंगणात केलेले उद्योग येऊ द्या. दुकानातून बसवून घेतलेलेही चालतील, पण वायर स्वतः सोललेली असेल तर मार्क जास्त.

कडकलक्ष्मी

पहिली! कुकर लावलाय, पटकन टंकते. आमच्याकडे हा रविवारचा सण असतो. पोहे गार होतात आणि स्वारी दाराचं पॅड मांडीवर घेऊन खाली बसलेली. वॉशिंग मशीनमध्ये दर धुण्याला एक पांढरी प्लॅस्टिकची क्लिप सापडते. दारात किती उरल्यात देव जाणे.

पण एक मान्य करते, लता ऐकताना गायला समोर काचेवर बसल्यासारखी वाटते. आधी ती माझ्या घोट्यात गायची.

झुरळमारे

घोट्यात!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). कंपनीचे स्पीकर दारात खालीच असतात ना, म्हणून. ट्वीटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) आरशाजवळच्या तिकोन्यात बसवले की आवाज वर उचलला जातो.

शिरोळचा_गडी

पाव्हणं तुमी गाडीचं काय घिऊन बसलाय. आमच्याकडं या, ट्रॅक्टर दावतो. दसऱ्याला धुऊन पुजला की गळीत हंगामाच्या आधी पयला खर्च टेपचा. सीटच्या मागं लोखंडी पेटी, तिच्यात ॲम्प, वर चार स्पीकर. पेटीखाली स्पंज पायजेच, न्हायतर हादऱ्यानं डाग (सोल्डरचं) सुटत्यात. आमी तर डाग मारायचंच सोडलं, लग दाबून घेतो पकडीनं. उसाचं दोन ट्रेलर जोडून कारखान्याच्या वट्यावर रातभर नंबराला थांबायचं, गाणं नसलं तर झोप लागतीया.

पार्ल्याची_मावशी

शिरोळचे दादा, नरसोबाच्या वाडीला जाताना तुमच्यासारख्याच एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही बराच वेळ अडकलो होतो. हॉर्न देऊन देऊन यांचा अंगठा दुखला. ट्रेलरला मागे दिवा नाही, पुढे मात्र लग्नाची वरात.

शिरोळचा_गडी

मावशी चुकलं बगा त्येंचं. आमी रिफ्लेक्टर लावलाय. गाव लागलं की आवाज कमी, ह्यो आमच्या आईचा नियम हाय. वाडीला आला तर बासुंदी खाल्ली का न्हाई?

पार्ल्याची_मावशी

खाल्ली तर! आणि कवठाची बर्फीही आणली :)

भाट्याचा_वारा

विषयावर येऊ का? रत्नागिरी. स्पीकर बदलण्याआधी दारं बंद करा, म्हणजे पत्र्याने बंद करा. दाराचं पॅड काढलं की आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भगदाडं दिसतात. स्पीकरच्या पुढचा आवाज आणि मागचा आवाज त्यांतून एकमेकांना भेटतात आणि बास मरतो. आधी बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची (रबरासारखी चिकट) शीट रोलरने दाबून, मग भगदाडं झाकायची. आमच्या जुन्या स्विफ्टमध्ये स्पीकर कंपनीचेच ठेवले, फक्त दारं केली, आणि दार लावतानाचा आवाजच बदलला. आधी डबा, आता तिजोरी.

दोन गोष्टी कोकणवाल्यांसाठी. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती शीटखाली गेली तर पावसाळ्यात वळणावर दारातून खळखळ ऐकू येते आणि मग पत्रा सडतो. दुसरं, स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुश्याच्या बोर्डाची) नको. जून ते सप्टेंबर फुगते, स्क्रू सुटतात. मरीन प्लाय किंवा ॲक्रिलिक घ्या. काच खाली केली की पाणी थेट मॅग्नेटवर गळतं, म्हणून वर प्लॅस्टिकची अर्धी वाटी कापून छप्पर केलंय. दिसायला भिकार, पण टिकलंय.

नवशिका_वॅगनार

मस्त धागा. प्रश्न विचारू का, वॅगन आरला पुढे नवीन साडेसहा इंची कंपोनंट (ट्वीटर वेगळा असलेले स्पीकर) लावून घेतले. आवाज भरपूर, पण बास गायब. एका बाजूला मान नेली की थोडा येतो. दुकानवाला म्हणतो आता ॲम्प घ्या.

तीन_फेज

@नवशिका, ॲम्प घेऊ नकोस, दीड व्होल्टचा सेल घे. भिंतीवरच्या घड्याळातला चालेल. टेपमागून स्पीकरच्या दोन वायरी सोडव, सेलचं प्लस प्लस-वायरीला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकव. कोनाने (स्पीकरच्या पडद्याने) बाहेर उडी मारली तर जोडणी बरोबर, कोन आत गेला तर उलटी. दोन्ही दारं बघ. एक उलटा असेल तर डावा ढकलतो तेव्हा उजवा ओढतो, बास खल्लास. पांढरी डावी पुढची, राखाडी उजवी पुढची, हिरवी डावी मागची, जांभळी उजवी मागची. काळी रेघ असलेली ती मायनस.

पोलोपुराण

रंगांवरून आठवलं. फोक्सवॅगन घराण्यातली गाडी असेल तर बाहेरचा टेप लावताना पिवळी-लाल तपासा. त्यांच्या कपलरमध्ये कायमची आणि चावीची जागा बरेचदा उलट असते. गाडी बंद केली की लावलेली स्टेशनं सगळी विसरतो. माझा दर सकाळी नव्याने जन्माला यायचा. टेपच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) बहुतेक वेळा सुटे जोड दिलेले असतात, अदलाबदल करा, कापाकापी नको.

आळशी_अजगर

वाखूसा (वाचनखूण साठवली). बाकी चालू द्या. (गाडी नाही, बस आहे. तिच्यात स्पीकर आहे, पण तो कंडक्टरच्या गळ्यात.)

एडिसनवाला

न्यू जर्सीहून. इथे एक बरंय, गाडीचं मॉडेल सांगितलं की तिच्यासाठीचा हार्नेस आणि डॅशची चौकट पोस्टाने घरी येते. वायर न कापता काम, लीज संपली की जुना टेप परत जागेवर. पण गॅरेज उणे पाचवर असताना ट्रिम काढायला जाऊ नका. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, क्लिपा पटापट तुटतात. बायकोचा हेअर ड्रायर लागतो, आणि तो परत जागेवर ठेवावा लागतो, हे जास्त महत्त्वाचं.

सिव्हिकमध्ये सब (सबवूफर, फक्त बासचा स्पीकर) बसवला आणि ग्रोसरीला जागाच उरली नाही. शेवटी सीटखालचा छोटा घेतला. भाऊबीजेला बहीण बसली, पहिलं वाक्य, 'दादा, माझ्या सीटखाली कोणीतरी आहे.'

कडकलक्ष्मी

@एडिसनवाला हेअर ड्रायर हा विषय इथे काढू नये ही नम्र विनंती. आमचे हे वाचतात.

तीन_फेज

ॲम्पवाल्यांसाठी थोडं सविस्तर, बाळ झोपलंय तोवर. गेनचा नॉब म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. टेपचा आवाज आणि ॲम्पची भूक यांची गाठ घालायची ती जागा. कानाने लावला तर हमखास जास्त जातो, कारण सगळ्यांना जोरात तेच चांगलं वाटतं.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर. स्पीकर सोडवून ठेवा. टेपचे बास-ट्रेबल शून्यावर, व्हॉल्यूम पाऊणवर. सबसाठी ५० हर्ट्झचा टोन, पुढच्यांसाठी १००० चा. ॲम्पचे खरे वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५० वॉट, ४ ओहम म्हणजे २०० चं वर्गमूळ, १४.१ व्होल्ट. मीटर तिथे आला की हात काढा. खरे म्हणजे आरएमएस, सतत देता येतात ते. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा लग्नपत्रिकेतल्या पदव्यांइतकाच खरा.

मग फिल्टर. पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या वरचंच, सबला ८० च्या खालचंच. पुढच्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की ते मोकळे गातात.

शेवटी वेळ. आपण उजवीकडे बसतो, उजवा स्पीकर समजा ९० सेंटिमीटरवर, डावा १३०. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे उजव्याला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास थांबवायचं, की दोघे कानात एकदम पोचतात. टेपमध्ये टाइम अलाइनमेंट असेल तर टेलरची टेप घेऊन बसा. मात्र मग शेजारच्या सीटवर आवाज विचित्र येतो. घरी एकदा विचारून घ्या.

उठलं बाळ.

ओझरकर

@तीन_फेज, वा! बाबा डाव्या स्पीकरकडे बॅलन्स थोडा सरकवायचे, बहुतेक याचसाठी. बाळाला काय ऐकवता?

तीन_फेज

मिक्सर. त्यालाच झोपतं.

सदाशिवपेठी

वायर कुठून घ्यावी? बुधवारात तापकीर गल्लीत विचारलं तर ८ गेजमध्ये (वायरीच्या जाडीचं माप) दोन भाव सांगितले, एक दुसऱ्याच्या जवळपास निम्मा. दोन्ही दिसायला तांब्याच्याच. लोहचुंबक लावून बघू का?

तीन_फेज

लोहचुंबक तांब्यालाही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमलाही. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तेच घ्यायचं तर एक आकार जाड घ्या. आणि फ्यूज बॅटरीपासून हातभराच्या आत. डिकीत ॲम्पशेजारी लावलेला फ्यूज ॲम्प वाचवतो, गाडी नाही. मधे कुठे वायर पत्र्यावर घासली तर आगच. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडी, विसरू नका.

चाकणचा_चक्रधर

ट्रकवाल्यांनी ऐका. आपल्याकडे २४ व्होल्ट, टेप १२ चा. पुष्कळ लोक दोनपैकी एकाच बॅटरीवरून टेप जोडतात. एक बॅटरी कायम अर्धी भरलेली, दुसरी कायम ओसंडलेली, दोन्ही लवकर जातात. कन्व्हर्टर लावा. माझ्या केबिनमध्ये कन्व्हर्टर, दोन ओव्हल, आणि किन्नरला (क्लीनरला) नॉबला हात लावायची बंदी.

पार्ल्याची_मावशी

हे सगळं ठीक, पण विसर्जनाला आमच्या खिडक्यांच्या काचा हलतात त्याचं काय? तिथे कोणी ८० हर्ट्झचा फिल्टर लावत नाही का?

झुरळमारे

मावशी, तिथे ८० च्या खालचंच ठेवतात, वरचं काढून टाकतात.

नवशिका_वॅगनार

तीन_फेज दादा!!! डावा उलटाच निघाला. कोन आत गेला. वायर फिरवली आणि बास आला, तोही असा की आई गॅलरीतून म्हणाली, बंद कर. ॲम्पचे पैसे वाचले. आता नवीनच अडचण, ठराविक सुरावर मागून 'टर्रर्र' येतं.

भाट्याचा_वारा

नंबर प्लेट. मागे फोमची पट्टी चिकटव.

पोलोपुराण

किंवा मागच्या दाराचं लॉक. ३० ते १०० हर्ट्झचा सरकता टोन लाव, कोणालातरी डिकीशी बसव आणि हात ठेवत जा. हात ठेवल्यावर थांबतं तिथे चोर.

नवशिका_वॅगनार

आईला बसवलं. नंबर प्लेट नाही, लॉक नाही. स्टेपनीपाशी जॅकचा दांडा सुटा होता. तिनेच शोधला, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळला. टॉवेल माझा नवा होता.