साखरपुड्याची अंगठी आपली चाल का बाजाराची?

मांजराकाठ: पुतण्याची सोयरीक जमली. आता पोरीकडचे म्हणायलेत अंगठ्या दोन्हीकडून पाहिजेत आणि पोरीच्या अंगठीत हिरा पाहिजे. आमच्या टायमाला कुंकू लावलं, साडी-नारळ दिलं, विषय संपला. हे फॅड हिरे विकणाऱ्या कंपनीनं लावलंय राव, डी बीअर्सनं १९४७ मधी 'हिरा कायमचा' अशी जाहिरात काढली (लिहिणारी फ्रान्सेस गेरेटी, तिनं स्वतः लग्नच केलं नाही!) आणि त्या जाहिरातीचे पैसे आता आम्ही सोयाबीन विकून भरायचे.

उदगीरची_लेक: हिऱ्याचं ठीक आहे, पण अंगठी कंपनीच्या लई आधीची. लग्न ठरलेल्या पोरीला रोमन लोक लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवायचे, पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. हिरासुद्धा १४७७ मधी ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियननं बर्गंडीच्या मेरीला दिलेला. आणि काका, नवरदेवाला चेन अन् गाडी घेताना कोणी इतिहास काढत नाही, पोरीनं अंगठी म्हणलं की लगेच निघतो.

मांजराकाठ: आम्ही रुपया मागितला नाही वो ताई. आणि रोमन लोकांचं आपल्याला काय देणंघेणं?

तेरचा_पाहुणा: होतं की देणंघेणं! आमचं तेर म्हणजे जुनं तगर, इथला माल भडोचला जायचा अन् तिथून जहाजानं रोमकडं. हिऱ्याचं तर सोडाच, अठराव्या शतकात ब्राझीलमधी सापडेपर्यंत युरोपात हिरे मुख्यतः भारतातूनच जायचे, गोवळकोंड्याचं नाव उगाच झालं नाही.

मांजराकाठ: माल आपला गेला म्हणून चाल आपली होती का? मिरे इथून गेले म्हणून पिझ्झा आपला म्हणा मग.

जालन्याचा_सराफ: धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, कायद्याला अंगठी लागतच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सप्तपदी आहे, सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं. सोनं मोडीला चालतं, बारक्या हिऱ्याला मोडताना कोणी विचारत नाही. साधी सोन्याची करा. फक्त माप दोऱ्यानं घेऊन येऊ नका, पोरीला दुकानात आणा, कड्या घालून बघू, नाहीतर भर मांडवात अंगठी पेरावर अडकती अन् फोटोवाला म्हणतो परत घाला.

उदगीरची_लेक: पोराला पण घ्या बरं का. अमेरिकेत पुरुषांची लग्नाची अंगठी खरी पसरली ती दुसऱ्या महायुद्धात, लढाईवर गेलेल्यांमुळं. आपल्याकडं जोडवी, मंगळसूत्र सगळं बाईच्याच अंगावर, गड्याचं लग्न झालंय हे कशावरून कळायचं?

मांजराकाठ: दोन अंगठ्या कबूल. हिऱ्याचं नाव काढू नका. सराफ भाऊ, घडणावळ किती लावता ते बोला.