मदत हवी आहे: व्हीएचएफवर सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कुणालाच नाही

नमस्कार मंडळी. आमची ९ मीटरची शिडाची बोट आहे. तिच्यावर २५ वॉटचा व्हीएचएफ संच (बोटीवरचा रेडिओ) आहे, डीएससीवाला (लाल बटण दाबलं की बोटीच्या ओळख क्रमांकासह संकटाचा संदेश आपोआप जातो), दुसऱ्या एका बोटीवरून काढलेला. मी तो सेकंडहँड घेतला आणि स्वतःच जोडला. अँटेना डोलकाठीच्या टोकावर आहे. संचापासून अँटेनापर्यंत जाणारी कोअॅक्स केबल मात्र बोटीतली जुनीच.

अडचण विचित्र आहे. ऐकू सगळं छान येतं. बोलायला गेलो की २ सागरी मैलांवरचा मित्र म्हणतो, "तुटक येतंय, फक्त खरखर." त्याच जागेवरून पॉवर १ वॉटवर आणली तर त्याला शब्द न् शब्द कळतो! २५ वॉटवर बटण दाबलं की स्क्रीन मंद होतो, दोनदा तर संच बंद पडून परत चालू झाला. शिवाय रात्री डोलकाठीवरचा दिवा लावला की लांबची स्टेशनं गायब. पण तो वेगळाच विषय असावा.

संच बिघडला म्हणून नवीन घेऊ का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

थांबा, खिशात हात घालू नका. १ वॉटवर नीट आणि २५ वॉटवर तुटक, म्हणजे बहुधा संचाचं पोट रिकामं राहतंय. नुसतं ऐकताना संच एका अँपिअरच्या आतबाहेर घेतो, पूर्ण पॉवरवर बोलताना ५ ते ६. बारीक वायर किंवा गंजलेला जोड तेवढा करंट सोसत नाही, व्होल्टेज वाटेतच खर्च होतं. बरेच संच १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात आणि १५ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.७ च्या खाली गेलात की भरवसा नाही.

मल्टीमीटर संचाच्या पाठीमागच्या तारांवर लावा, बॅटरीवर नव्हे. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने आकडा बघायचा. अँटेना जोडलेली असल्याशिवाय बटणाला हात लावू नका, आणि ही चाचणी चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनलवर, तर नकोच. बोटी आपसात बोलतात तो एखादा चॅनल घ्या, आधी थोडा वेळ ऐका, मोकळा असेल तरच.

धागाकर्ता

मोजलं. बॅटरीवर १२.५. संचामागे ऐकताना १२.४, बटण दाबल्यावर ९.८!! वाटेतल्या फ्यूजच्या डबीला हात लावला तर ती चक्क गरम. उघडली तर आत हिरवा थर.

प्रतिसाद १

सापडला चोर. डबी फेकून द्या, घासत बसू नका. वायरही जाड घ्या, कथिल चढवलेली तांब्याची. लांबी मोजताना जाण्याची आणि परतीची दोन्ही धरा, तिथेच लोक फसतात.

प्रतिसाद २

फ्यूजचं पटलं, पण जुन्या कोअॅक्सवर कुणी बोललंच नाही. आरजी-५८ जातीची बारीक केबल असेल तर १५ मीटरमध्ये जवळपास निम्मी पॉवर उष्णता होऊन जाते. जाड आरजी-२१३ मध्ये तेवढ्याच अंतराला साधारण पाव. आणि हे केबल नवी असताना. वरच्या पीएल-२५९ कनेक्टरमधून एकदा पाणी शिरलं की ते केबलमधल्या तांब्याच्या जाळीतून खालपर्यंत झिरपतं. टोकाची इंचभर साल काढून बघा, तांबं काळंहिरवं दिसलं तर केबल बदलायचीच.

बाकी पॉवरच्या मागे फार लागू नका. व्हीएचएफ नजरेच्या रेषेत चालतो. अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, २.२ ने गुणा, दोन्ही बोटींची बेरीज करा. तुमची ९ मीटरवर, समोरच्याची ४ मीटरवर, तर ११ सागरी मैल. त्यापुढे पृथ्वीची गोलाईच आडवी येते, तिथे २५ वॉट काय करणार!

प्रतिसाद ३

रात्रीचा दिवा एलईडी आहे का? असेल तर तो वेगळा विषय नाही. स्वस्त एलईडीमधल्या ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) गोंगाट शेजारच्या अँटेनात घुसतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये याबद्दल इशारा काढला होता, एआयएसवरही (बोटींची जागा एकमेकींना कळवणाऱ्या यंत्रणेवरही) परिणाम होतो म्हणून. शांत चॅनल लावा, स्क्वेल्च (खरखर दाबणारी कळ) इतकाच फिरवा की खरखर जेमतेम थांबेल, मग दिवा लावा. खरखर परत आली तर दोषी तोच.

आणि संच सेकंडहँड आहे म्हणालात. त्यात आधीच्या बोटीचा ९ आकडी एमएमएसआय (रेडिओवरचा ओळख क्रमांक) अजून आहे का? लाल बटण दाबलंत तर शोधणारे त्या बोटीची नोंद उघडतील, त्या मालकाच्या घरी फोन करतील. माझ्या मते हे फ्यूजपेक्षा गंभीर.

धागाकर्ता

डबी आणि वायर बदलली, आता बोलताना १२.१ राहतं. मित्राला ५ मैलांवर स्पष्ट ऐकू गेलं. दिवा एलईडीच निघाला, स्क्वेल्चच्या चाचणीत सरळ पकडला गेला. कोअॅक्सची साल काढली, तांबं काळं आहे, डोलकाठी उतरवू तेव्हा ओढून टाकतो.

एमएमएसआय मात्र खरंच आधीच्या बोटीचा आहे. मेनूतून बदलायला गेलो तर संच नकार देतो. घरी पुसता येतो की कंपनीकडेच पाठवावा लागतो?

प्रतिसाद ३

बऱ्याच संचांत तो एकदा-दोनदाच भरता येतो, मग कुलूप. विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडूनच उघडून घ्यावा लागतो. तोपर्यंत लाल बटणाच्या भरवशावर राहू नका, १६ वर तोंडाने मेडे (संकटाची हाक) द्यायची घरातल्या सगळ्यांना सवय करा: बोटीचं नाव, जागा, काय झालं, माणसं किती.