सर्वकालीन आवडत्या दहा गाण्यांची यादी आणि जुनाट ठरलेली आवड

चालता_ठेका:
माझ्या आजवरच्या सर्वाधिक आवडत्या दहा गाण्यांची यादी करायला घेतली आणि तिच्या दोन निरनिराळ्या प्रती तयार झाल्या. पहिलीत जाणकारांनी वाखाणलेली, नुसते नाव घेतले तरी समोरचा मान डोलावतो अशी गाणी आहेत. दुसरीत मी खरोखर पुन्हा पुन्हा लावतो ती गाणी आहेत. ती सिंथेसायझरच्या झगमगाटाची, भाबड्या शब्दांची आणि शेवटच्या कडव्याला पट्टी अर्ध्या स्वराने वर चढवणारी आहेत. दोन्हींत सामाईक असलेली गाणी फार थोडी. पहिल्या यादीतली गाणी मला आवडत नाहीत असे मुळीच नाही, परंतु त्यांच्याविषयी आदर अधिक आणि ओढ कमी आहे. अशा वेळी यादी कोणत्या निकषावर करावी? आणि मागे पडलेली आवड 'गिल्टी प्लेझर' (आवडते, पण कबूल करायला संकोच वाटतो असे काही) म्हणून वेगळी काढावी, की तिला मुख्य यादीतच मानाने बसवावे?

तारसप्तक:
दुसरी यादीच तुमची आहे, आणि ती मुख्य यादी म्हणूनच द्यावी. मात्र तिच्यातलीही प्रत्येक पसंती निव्वळ स्वतःची असते असे गृहीत धरू नये. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली होती. काहींना फक्त गाणी दिसत होती, तर बाकीच्यांना प्रत्येक गाणे आधी किती जणांनी डाउनलोड करून घेतले तो आकडाही दिसत होता. शिवाय या दुसऱ्या लोकांचे आठ स्वतंत्र गट केलेले होते. आकडा दिसू लागताच लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि एका गटात वर गेलेले गाणे दुसऱ्या गटात बरेच खाली राहिले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट गाणी सहसा वर आली नाहीत, पण मधल्या गाण्यांचे काय होईल याचा नेम उरला नाही. आपण ज्यांना 'सर्वमान्य' म्हणतो त्यांपैकी कितीतरी गाणी याच मधल्या पट्ट्यातली असावीत, असे मला वाटते.

जाणकारांच्या याद्याही स्थिर नसतात. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००४ च्या पाचशे गाण्यांच्या यादीत बॉब डिलनचे 'लाइक अ रोलिंग स्टोन' पहिले होते. २०२१ मध्ये नव्याने मते घेतली तेव्हा अरीथा फ्रँकलिनचे 'रिस्पेक्ट' पाचव्या स्थानावरून पहिले झाले. ध्वनिमुद्रणे तीच होती. बदलले ते मत देणारे आणि त्यांचा काळ. मग ज्या मापाला स्वतःलाच सतरा वर्षे टिकता आले नाही, त्याने आपली आवड मोजून ती दडवून ठेवण्याचे कारण काय?

खर्जातला_सूर:
सिंथेसायझरच्या झगमगाटाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. रोलँड या कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन, म्हणजे ढोलांचे आवाज काढणारे यंत्र, १९८० साली बाजारात आले. त्यातले आवाज खऱ्या ढोलाच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेले नव्हते, ते विद्युतमंडलातून तयार होत होते. त्याचा खर्जातला ठोका पडल्यावर लगेच विरत नाही, तो गुंजत लांबत जातो. टाळीचा आवाज तर खऱ्या टाळीसारखा मुळीच वाटत नाही. खऱ्या वाद्याची नक्कल हवी असलेल्यांना ते खेळण्यासारखे वाटले आणि १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्यानंतर ती यंत्रे स्वस्तात मिळू लागली, नव्या संगीतकारांच्या हाती पडली, आणि तोच लांबणारा ठोका हिप-हॉपचा पाया ठरला. आज जो नाद जुनाट म्हणून नाकारला जातो, त्यात कानाला काय भावते हे नीट ऐकणाऱ्यालाच कळते, आणि ते त्याने अवश्य सांगावे.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि हलक्या अभिरुचीची म्हणून चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी आपली आवड बदलली नाही, त्यांनी रेडिओ सिलोन लावले. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

सम_आणि_काल:
वरील दोघांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी एक भर घालते. एखादे गाणे फॅशनमध्ये नाही हा त्याचा दोष नाही, तसा तो गुणही नाही. अभिमानाने मिरवण्यासाठी म्हणून यादीत अशा गाण्यांची संख्या वाढवू नये. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे आयुष्यभर अधिक ठळक राहतात, असे स्मृतीचे अभ्यासक सांगतात, आणि त्या वयात ऐकलेली गाणी त्यामुळेच यादीत गर्दी करतात. त्यांना वगळावे असे मी म्हणणार नाही, कारण गाण्याभोवती साचलेले आयुष्य हाही आवडीचा रास्त आधार आहे. फक्त प्रत्येक गाणे एकदा दुसरे काहीही न करता ऐकावे आणि आपण नेमकी कोणत्या जागेची वाट पाहतो ते लिहून काढावे. तुमच्या त्या पट्टी चढवणाऱ्या गाण्यात चढण्याच्या आधी एक ठोका गाळलेला असतो का, गायिकेचा श्वास ऐकू येतो का, वरच्या पट्टीत तिचा आवाज ताणला जातो की मोकळा होतो? अशी एकही जागा सापडली नाही, तर तिथे आठवणच बोलते आहे असे समजावे, आणि तसे यादीत लिहावे.

चालता_ठेका:
सर्वांचे आभार. जागा लिहून काढण्याचा उपाय करून पाहिला आणि दुसऱ्या यादीतली बहुतेक गाणी टिकली. पट्टी चढण्याआधी ढोल क्षणभर थांबतो आणि एकटा आवाज पुढे जातो, तीच माझी जागा आहे. पहिल्या यादीतली दोन गाणीही याच कसोटीवर आत आली. आता क्रम कसा लावावा?

तारसप्तक:
क्रम लावूच नये. बीबीसीवर १९४२ पासून चालू असलेल्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या कार्यक्रमात पाहुण्यांकडून आठ ध्वनिमुद्रणे मागतात, आणि शेवटी एवढेच विचारतात की सगळी लाटांत वाहून जात असतील, तर त्यांतले एक कोणते वाचवाल. तुमच्या दहांतले ते एक ठरवा आणि बाकीची नऊ जशी आठवतील तशी लिहा.