जुन्या माळवदाच्या सागवानातून स्पीकरचे कर्णे करायचेत, आकार कोणता धरू?

औसेकर_ऐकतो, जि. लातूर

राम राम मंडळी. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आमचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर पडलं, त्यातल्या सागवानी तुळया आन खांब आजोबांनी ढिगाऱ्यातून काढून शेतातल्या शेडमधी रचून ठेवले, तेव्हापासून तसेच पडून हायत. वाळवी नाही, एका तुळईच्या टोकाला थोडा घुण लागलाय बाकी लाकूड ठणठणीत, परवा एका तुकड्यावर रंधा मारून बघितला तर आतून पिवळं-तांबूस निघालं आन अजून सागाचा वास येतोय. घरचे म्हणायलेत दारं करून घे, पण मला यातून स्पीकरचे गोल कर्णे करायचेत.

सामान असं हाय की बारा इंची वूफरचे (खालच्या सुरांच्या स्पीकरचे) दोन बंद खोके तयार हायत, वरच्या आवाजासाठी एक इंची गळ्याचे कॉम्प्रेशन ड्रायव्हर (कर्ण्याच्या बुडाला बसतेत ते) घेतलेत, आठ ओहम, बोल्टचे. सध्या त्यांना बाजारातला प्लास्टिकचा चौकोनी हॉर्न लावलाय. ऐकणं जास्त करून शास्त्रीय, भीमसेनजी, किशोरीताई, आपल्या मराठवाड्याचे नाथराव नेरळकर, आन रात्री भजनं. गायक वरच्या सप्तकात गेला की प्लास्टिकच्या हॉर्नमधून आवाज नाकात यायलाय, तानपुऱ्याची जव्हारी (तारांचा भरलेला झणकार) तर पार चपटी होतीय.

आता विचारायचं हे की आकार कोणता धरायचा, किती मोठा, नेटवर कर्ण्याच्या भिंतीच्या वक्राचे प्रकार सांगतेत, कुणी ट्रॅक्ट्रिक्स म्हणतेत, कुणी एक्स्पोनेन्शियल म्हणतेत, मला त्यातलं गणित झेपंल पण निवड कशावरून करायची ते कळंना. दुसरं, सागच चांगला का शिसम आणू? तिसरं म्हणजे लातूरचा उन्हाळा, मे महिन्यात पत्र्याखाली हात लावू देत नाही आन जुलैत सगळं सर्द, असलं मोठं गोल लाकूड तडकणार नाही का? जाणकारांनी सविस्तर सांगा, घाई अजिबात नाही.

गोदाकाठ_ऑडिओ, नांदेड

भाऊ, लाकूड ऐकूनच बरं वाटलं. आधी आकाराचं सांगतो कारण आवाज त्याच्यावरच ठरतो, बाकी सगळं त्याच्या मागून.

गोल कर्णा घरात वापरायचा तर ट्रॅक्ट्रिक्स धरा. पॉल व्हॉइट नावाच्या इंग्लंडच्या माणसानं १९२० च्या दशकात हा आकार स्पीकरसाठी आणला. याचा फायदा असा की तेवढ्याच खालच्या मर्यादेचा एक्स्पोनेन्शियल केला तर तो लांब होतो, ट्रॅक्ट्रिक्स आखूड राहतो आणि तोंडाशी एकदम उघडतो. हिशोब सोपा आहे. कर्ण्याची खालची मर्यादा म्हणून जी फ्रिक्वेन्सी धरायची तिची तरंगलांबी काढायची आणि तोंडाचा घेर बरोबर तेवढा ठेवायचा. ५०० हर्ट्झ धरा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर, म्हणजे तरंगलांबी ६९ सेमी, तोंडाचा घेर ६९ सेमी, व्यास २२ सेमी. गळा एक इंच म्हणजे २५.४ एमएम, मग लांबी येते साधारण २०.४ सेमी. घरातल्या टेबलावर मावंल असा आकार आहे.

आता ५०० चा कर्णा ५०० पासून वाजवायचा नाही, हे लक्षात ठेवा. मर्यादेजवळ कुठलाच कर्णा ड्रायव्हरला नीट भार देत नाही, दुपटीच्या वरच वापरायचा. आणि एक इंची ड्रायव्हरचा पडदा पण १००० च्या खाली ताणायचा नसतो, तुम्ही १२०० वर क्रॉसओव्हर (वूफर आणि ड्रायव्हरमध्ये सूर वाटून देणारी जागा) ठेवा, वूफर पण तिथपर्यंत येतो कारण बारा इंची कोन साधारण त्याच्या पुढं आवाज सरळ रेषेत फेकायला लागतो. काही लोक मोहात पडून ३०० चा मोठा कर्णा करतात, तोंड ३६-३७ सेमी आणि लांबी ४३, दिसतो राजेशाही पण एक इंची ड्रायव्हरला त्याचा काही उपयोग नाही, त्याला मोठ्या गळ्याचा ड्रायव्हर लागतो.

हॉर्नरेस्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, डेव्हिड मॅकबीन यांचं, त्यात हे आकडे टाकून बघा, पुठ्ठ्यावर वक्र काढण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यावर घालवाच. आणि तोंडाची कड धारदार सोडू नका, बाहेरच्या बाजूला दोन-अडीच सेमी गोल वळवून न्या. कडेवरून आवाज परत फिरतो तोच तुम्हाला नाकातला वाटतो, निदान त्यातला बराचसा.

किनवट_कातारी, जि. नांदेड

आमच्या घरात खराद (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) माझ्या आज्यापासून हाय, पाळण्याचे दांडे, पलंगाचे पाय, लाटणी हेच काम. कर्णे पण केलेत गिऱ्हाईकाला, म्हणून लाकडाचं सांगतो.

तुळई उभी कापून अख्खा ठोकळा कातायचा विचार आसंल तर सोडा. तुळईच्या मधात गाभा ऱ्हातो, तो कितीबी जुना आसला तरी अशा पातळ कातकामात चीर देतो. फळ्या एकावर एक चिकटवून बी करू नका, काही पावसाळे गेले की तोंड अंड्यासारखं लांबुळकं होतं कारण लाकूड रेषेच्या आडवं फुगतं, रेषेच्या लांबीत फुगत नाही. यावर इलाज म्हणजे तुकडे जोडून गोल कड्या (रिंगा) करायच्या. एका कडीला बारा तुकडे, दोन्ही टोकाला १५ अंशाचा काप, रेषा गोलाच्या घेरानं फिरली पाहिजे. मग घेर हलत नाही. वीस एमएम जाडीच्या कड्या केल्या तर २० सेमीच्या कर्ण्याला दहा आन बुडाला एक, अकरा कड्या, म्हणजे एका कर्ण्याला १३२ तुकडे. तोंडाकडची कडी बाहेरून २८ सेमी धरा, तिच्या तुकड्याची बाहेरची बाजू ७५ एमएम येती. कड्या एकमेकीवर बसवताना सांधे विटांच्या बांधकामासारखे अर्ध्यावर सरकवायचे, सांध्यावर सांधा नको.

आता खरी मेख. एका कडीला चोवीस काप हायत, अर्ध्या अंशाची चूक जरी प्रत्येक कापात झाली तरी शेवटी बारा अंशाची फट उरती, आन लोक ती फट फेविकॉल आन भुश्यानं भरतेत, ते कधीबी करू नका, खरादावर फिरताना तिथंच उडतं. पूर्ण कडी एकदम चिकटवायचीच नाही. सहा-सहा तुकड्यांच्या दोन अर्ध्या कड्या करायच्या, वाळू द्यायच्या, मग सपाट काचेवर ८० नंबरचा पेपर चिकटवून अर्ध्या कडीची दोन्ही टोकं एकदम घासायची, ती एका रेषेत आली की दोन्ही अर्धुकं जोडायची. सगळी चूक तिथं निघून जाती. आवळायला महागड्या क्लॅम्पची गरज नाही, मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, चारी बाजूनं सारखा दाब बसतो.

शिसम आणू नका, तुमच्याकडं जे हाय ते सोनं हाय. सागवान हवेला लई कमी हलतं, त्यात हे तीस वर्षं सुकलेलं. फक्त खिळे बघा. माळवदाच्या तुळईत तुटलेले खिळे आत ऱ्हातेत, वर दिसत नाहीत, लोहचुंबक फिरवल्याबिगर आऱ्याखाली घालू नका. आन सागात वाळूसारखा कण आसतो त्यानं पटाशी लवकर बोथट होती, धार लावायचा दगड शेजारीच ठेवा.

पैठणगेट_श्रोता, छत्रपती संभाजीनगर

दोघांचं पटतंय पण एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ट्रॅक्ट्रिक्स गोल कर्णा जसजसा सूर वर जातो तसतसा आवाज अरुंद करत नेतो. म्हणजे समोरच्या एका खुर्चीवर स्वर्ग, बाजूला सोफ्यावर बसलेल्याला जव्हारी अर्धीच. तुम्ही एकटे रात्री ऐकणार असाल तर प्रश्नच नाही, हाच करा. पण घरात आठ-दहा जण भजनाला बसत असतील तर सरळ भिंतीचा शंकूसारखा कर्णा बघा, तो आवाज जास्त सारखा पसरवतो, मात्र त्याला वरचे सूर इक्वलायझरनं उचलावे लागतात आणि खालच्या बाजूला तो ड्रायव्हरला ट्रॅक्ट्रिक्सएवढा आधार देत नाही. हा निर्णय लाकूड कापण्याआधी घ्या, नंतर बदलता येत नाही.

आणि सागाचा आवाज गोड, शिसमचा घट्ट, बाभळीचा रांगडा असं जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. कर्ण्याची भिंत जाड असली, बोटानं टकटक केल्यावर ती घुमत नसली, की लाकडाची जात कानाला कळत नाही. तुमच्या प्लास्टिकच्या हॉर्नची भिंत तीन एमएमची असेल, ती स्वतःच वाजत असते. वीस एमएमच्या आसपास सागवान ठेवा आणि जातीचा विचार डोक्यातून काढून टाका. दिसायला मात्र साग देखणा, त्याबद्दल वाद नाही.

औसेकर_ऐकतो, जि. लातूर

एवढं बारकाईनं कुणी सांगंल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. भजनाला माणसं बसतेत ती समोरच्या ओसरीत, स्पीकर माझ्या खोलीत एका खुर्चीसाठीच हायत, त्यामुळं ट्रॅक्ट्रिक्स ५०० पक्का केला. कातारी मामा, वीस सेमी खोल आन बुडाला एक इंचाचं भोक, एवढ्या आत पटाशी पोचतीय का? आन साग तेलकट आसतो मग फेविकॉल धरतंय का? गोदाकाठ दादा, ड्रायव्हर आन लाकूड जिथं मिळतं तिथं काय काळजी घ्यायची? बोल्ट सरळ लाकडात घातले तर चालतंय का?

किनवट_कातारी, जि. नांदेड

नाही पोचत, म्हणून अख्खा कर्णा चिकटवून मग कातायचा नाही. दोन भाग करा. गळ्याकडच्या चार-पाच कड्यांचा एक, तोंडाकडच्या राहिलेल्या कड्यांचा दुसरा. दोन्ही वेगळे आतून कातून घ्या, मधल्या सांध्याचा व्यास दोन्हीकडं तंतोतंत, मग जोडून बाहेरची बाजू शेवटी काता. अर्ध्या वक्राचं टेम्पलेट ६ एमएम प्लायचं करा, आत धरायचं, मागून मोबाईलची बॅटरी लावायची, जिथून उजेड दिसला तिथं अजून लाकूड काढायचं नाही, उजेड नाही तिथं काढायचं. खराद सुरुवातीला ५००-६०० आरपीएमच्या वर नको, तुकड्यांची कडी हाय, समोर उभं ऱ्हायचं नाही, तोंडावर शील्ड पाहिजेच. सागाची धूळ अंगाला खाज आणती, नाकाला मास्क लावा.

फेविकॉलचं म्हणाल तर धरतंय, पण घासलेल्या दिवशीच चिकटवायचं, शिळ्या पृष्ठभागावर तेल वर येतं. चिकटवायच्या आधी फडक्यावर ॲसिटोन घेऊन सांधा पुसा, उडून गेलं की लगेच फेविकॉल मरीन. गळ्याच्या कडीला मात्र इपॉक्सी वापरा, तिथं वजन लटकतं. आन तुकडे कापले की लगेच जोडू नका, जिथं स्पीकर ऱ्हाणार त्याच खोलीत काही आठवडे पसरून ठेवा, मीटरवर ओल ८ ते १२ टक्क्यात आली की मग.

गोदाकाठ_ऑडिओ, नांदेड

बोल्ट लाकडात सरळ नको, ड्रायव्हर दोन-अडीच किलोचा असतो, काढघाल केली की आटे मरतात. एक इंची बोल्टच्या ड्रायव्हरला बहुतेक वेळा दोन एम ६ बोल्ट ७६ एमएमच्या वर्तुळावर असतात, तुमचा मोजून बघा, काहींना ५७ एमएमवर तीन असतात. त्या जागी पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेल्या नळ्या) इपॉक्सीत बसवा.

आणि गळ्याच्या सांध्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, माझ्या मते अख्ख्या कर्ण्यात ती एक इंचाची जागाच सगळ्यात मोलाची आहे. ड्रायव्हर बसवला की तोंडातून वाकडी वायर किंवा लांब काडी आत घालून सांध्यावरून फिरवा. कुठं अडखळली तर तिथं पायरी आहे. १० किलोहर्ट्झची तरंगलांबीच साडेतीन सेमी, त्यामुळं एक एमएमची पायरी सुद्धा वरच्या सुरांना दिसते. लाकडाचं भोक लहान राहून आत आलेली कड सगळ्यात वाईट. गॅस्केट पातळ ठेवा आणि तिचं भोक पण २५.४ च्या आत येऊ देऊ नका. ट्रॅक्ट्रिक्सची भिंत गळ्याशी मधल्या रेषेपासून साधारण साडेसहा अंशानं उघडते, ड्रायव्हरचं नळकांडं किती अंशानं उघडतं ते त्याच्या कागदावर असेल तर जुळवून बघा.

पैठणगेट_श्रोता, छत्रपती संभाजीनगर

क्रॉसओव्हरचं राहिलं. तुमचा ड्रायव्हर कर्ण्यावर एका वॅटला १०६ डीबी देत असेल आणि वूफर ९४, तर १२ डीबी कमी करायला लागणार. आठ ओहमला त्यासाठी एल-पॅड म्हणजे ६ ओहम सिरीजमध्ये आणि २.७ ओहम ड्रायव्हरला समांतर, दहा वॅटचे सिमेंटचे रेझिस्टर चालतात. डीएसपी (सूर वाटणारं डिजिटल यंत्र) आणि वेगळा ॲम्प लावणार असाल तरी ड्रायव्हरच्या वायरीत ६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकाच, तो २९०-३०० हर्ट्झच्या खालचं अडवतो, वाजणाऱ्या भागाला फारसा हात लावत नाही, पण वीज गेली-आली की ॲम्पचा जो ठोका बसतो त्यात पडदा वाचतो. आपल्याकडं लोडशेडिंगमध्ये ठोका काय असतो ते सांगायला नको. मग यूएसबी माईक आणि आरईडब्ल्यू नावाचं आवाज मोजायचं सॉफ्टवेअर लावून मोजा, तेही फुकट आहे.

किनवट_कातारी, जि. नांदेड

पॉलिशचं एक. आतून आन बाहेरून सारखेच हात द्या, चपडा (लाखेचं पॉलिश) करा का मेलामाईन करा. एकीकडं पॉलिश आन एकीकडं कोरडं ठेवलं तर ओल एकाच बाजूनं शिरती आन सांधे बोलायला लागतेत. आतल्या बाजूला ३२० च्या पेपरपर्यंत घासलं तरी पुरे. आन दोन्ही कर्णे संगट करा, एक संपवून दुसरा नाही. एकाच तुळईचे तुकडे दोन्हीच्या कड्यात वाटून टाका, टेम्पलेट तेच, पटाशी तीच. घुणाचं टोक जाळायला ठेवा, ते कुठंच वापरू नका.