देवळातला कौल आणि लेव्ही-स्ट्रॉस

कुडाळकर: सध्या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस वाचतोय. त्याचं म्हणणं, माणूस कुठलाही असो, जोड्या लावूनच विचार करतो, कच्चं-शिजलेलं, आपलं-परकं वगैरे. आता आमच्या ग्रामदेवाला, रवळनाथाला, कौल लावतात, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर मागतात, तेव्हा मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. हे त्याच्या सिद्धांतात खरंच बसतं की मी ओढूनताणून बसवतोय?

माडबन: बसतं! दुसऱ्या महायुद्धात तो न्यूयॉर्कला होता, तिथे त्याला भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन भेटला, आणि ही दृष्टी त्याने तिथून उचलली. प आणि ब या आवाजांना एकेकटा अर्थ नाही, पण पोट आणि बोट वेगळे होतात ते तेवढ्या फरकानेच. पाकळीचंही तेच, नुसती पडली तर काहीच नाही, बाजू कळली की उत्तर मिळालं. उजव्या हाताला एवढा मान का, यावर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट हर्ट्झने 1909 मध्येच लिहून ठेवलंय, तो निबंध जरूर वाच.

दर्यावर्दी: माका पुरता पटूक नाय. चीनमध्ये कित्येक बाबतीत मान डाव्या बाजूला असतो, चीनचा फ्रेंच अभ्यासक मार्सेल ग्रानेने दाखवलंय ते. म्हणजे जोडी सगळीकडे असेलही, पण कुठल्या बाजूला ‘हो’ ते त्या त्या समाजाने ठरवलेलं. आणि कौल काय पाकळीवरच संपतो? गाऱ्हाणं कोण घालणार, प्रश्न कुठल्या शब्दांत विचारायचा, मान कोणाचा, यावरून गावागावात वाद आहेत, काही कोर्टातही जातात, ते सगळं सोडून नुसती उजवी-डावी बघितली तर गाव कळणारच नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एडमंड लीचचा आक्षेप साधारण हाच होता, की लेव्ही-स्ट्रॉसला जे हवं तेच पुराव्यात सापडतं.

सुरंगी: दर्यावर्दी, गावाचं बरोबर, पण लेव्ही-स्ट्रॉसचं 1949 चं नातेसंबंधांवरचं पुस्तक सोडू नका, मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. लग्न म्हणजे घराण्यांमधली देवाणघेवाण, बोलण्यासारखाच एक संवाद, असं तो मांडतो. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, इरावती कर्व्यांनी नोंदवलंय हे. त्याच्या हिशोबाने बघा, मामाची मुलगी केली की मुली पिढ्यान् पिढ्या एकाच दिशेने जातात, आत्याची केली की पुढच्याच पिढीत उलट्या येतात. आत्याची का नको असं घरी विचारलं तर ‘पद्धत नाही’ एवढंच उत्तर मिळतं, पण नियम सगळे पाळतात!

कुडाळकर: सुरंगीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. कर्व्यांचं ते 1953 चं इंग्रजी पुस्तक ना? आणि दर्यावर्दी, वादाचं तुमचं पटलं, कौलाचा प्रश्न कोण ठरवतं ते आधी गावात विचारून बघतो, मग इथे लिहितो.