नॅनोगॅप : फट, भेग की सांद?

जळगावकर : बारावीच्या पोरांसाठी रेणू-इलेक्ट्रॉनिक्सवर, म्हणजे एकेका रेणूतून वीज खेळवण्यावर, टिपण लिहितोय. सोन्याच्या नॅनोतारेत, म्हणजे नॅनोमीटरात (मीटरचा अब्जावा भाग) मोजायच्या बारीक तारेत, मुद्दाम ठेवलेल्या गॅपला काय म्हणावं? 'अंतर' लिहिलं होतं, खोडलं. अंतर मोजता येतं, त्यात रेणू बसवता येत नाही.

चोपडेकर : भेग म्हणा ना, सर.

अमळनेरकर : भेग नको, भाऊ. वैशाखात आमच्या काळ्या रानाला भेगा पडतात, कुणी पाडत नाही. कुठली किती रुंद होईल याचा नेम नाही. इथे सगळं मापून. 2005 साली अमेरिकेच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने दाखवलेली रीत घ्या. अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) सच्छिद्र पापुद्र्यातल्या भोकांत विजेने आधी सोनं चढवायचं, मग निकेल, पुन्हा सोनं. पापुद्रा विरघळवून तारा मोकळ्या करायच्या, काचेवर आडव्या पसरून एका अंगाने सिलिकाचा लेप द्यायचा आणि मग आम्लाला निकेल खाऊ द्यायचं. निकेल जेवढं जाड, तेवढी फट. लेपामुळे सोन्याचे तुकडे जागचे हलत नाहीत. 5 नॅनोमीटरपर्यंत जमलं, आणि डीएनएचा गोफच 2 नॅनोमीटर जाड!

चोपडेकर : पण दुसरी रीतही आहे की. बारीक तारेत करंट वाढवत नेला की अणू सरकतात आणि तार मध्येच तुटते. तिथे किती रुंद होईल याचा नेम कुठेय?

अमळनेरकर : ती भेग. मान्य.

एरंडोलकर : सोनारकाम करतो, म्हणून बोलतो. सर, 'तार ओढली' लिहू नका. जंतराच्या भोकातून तार ओढली की बारीक होते, लांबते. तुमच्याकडे भोक आहे पण ओढाताण नाही, तार भोकातच भरत येते. हा मुलाम्याचा भाऊ. आणि फट म्हणजे आमच्याकडे खोट. जोडात फट दिसली की गिऱ्हाईक दागिना परत आणतं, आम्ही डाक लावून बुजवतो. राखायची जागा असेल तर सांद म्हणा, दोन घरांच्या भिंतींमधली असते तशी.

जळगावकर : सांद झकास! बायोसेन्सरचं, म्हणजे जैविक रेणू ओळखणाऱ्या उपकरणाचं, वाक्यही बसतं : 'सांदीत रेणू शिरून दोन्ही भिंतींना चिकटला की प्रवाह बदलतो.'

अमळनेरकर : पोरांना सांदीत हरवलेला चेंडूच आठवेल. मी फटवरच.

जळगावकर : मग असं करतो, मापून केली ती फट, तुटून झाली ती भेग, रेणू बसतो ती सांद. पोरं शिव्या घालतील.

एरंडोलकर : घालू द्या. पण तो डीएनएचा 'गोफ' आधी काढा. गोफ विणायला दोन पदर पुरत नाहीत.