बाबासाहेबांनी प्रस्थापित वृत्तपत्रांकडे पाठ फिरवली होती का?

पोयबावडीचा वाचक (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. परळमधील आमच्या वाचनालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पत्रकारितेवर एक व्याख्यान ठेवायचे आहे आणि त्यासाठीचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांच्या ‘मूकनायक’ या पहिल्या पत्राची कचेरी आमच्याच भागात, पोयबावडीच्या हरारवाला बिल्डिंगमध्ये होती, त्यामुळे हा विषय येथील लोकांना फार जवळचा वाटतो. टिपणाच्या मसुद्यात मी असे वाक्य लिहिले आहे की, ‘३१ जानेवारी १९२० रोजी स्वतःचे पत्र सुरू केल्यावर बाबासाहेबांनी प्रस्थापित वृत्तपत्रांकडे पाठ फिरवली.’ आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना हे वाक्य मान्य नाही. ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही ‘मूकनायक’ची जाहिरात छापण्यास नकार दिला होता, हे सर्वांना ठाऊक आहे, असे असताना बाबासाहेबांनी त्या पत्रांशी संबंध ठेवला असेल, हे मला सहज पटत नाही. जाणकारांनी कृपया मूळ लेखनाच्या आधारे मत द्यावे.

नायगावकर:

नमस्कार. तुमच्या सभासदांचे म्हणणे मला योग्य वाटते, आणि त्याचा पहिला पुरावा ‘मूकनायक’च्या पहिल्याच अग्रलेखात आहे. त्या लेखात बाबासाहेब मुंबई इलाख्यातील पत्रांचा आढावा घेतात आणि त्यांपैकी बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात, इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, असा स्पष्ट ठपका ठेवतात. आपण बहुतेक जण येथेच वाचन थांबवतो. परंतु त्याच लेखात पुढे ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘डेक्कन रयत’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ या पत्रांची नावे घेऊन त्यांतून बहिष्कृत म्हणजे अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या प्रश्नांची चर्चा होत असते, हेही त्यांनी नोंदवले आहे. त्यांचे म्हणणे असे की, या पत्रांना ब्राह्मणेतर म्हणवणाऱ्या अनेक जातींचे प्रश्न हाताळायचे असल्यामुळे बहिष्कृतांच्या प्रश्नांना तेथे पुरेशी जागा मिळणे शक्य नाही, आणि म्हणून स्वतंत्र पत्र हवे. ज्याने पाठ फिरवली आहे तो असा हिशेब मांडत नाही. कोणते पत्र काय छापते, किती छापते आणि कोणाला वगळते, हे बारकाईने वाचणाऱ्यालाच तो मांडता येतो.

त्याच अग्रलेखात त्यांनी दिलेले बोटीचे उदाहरणही टिपणात अवश्य घ्यावे. एका बोटीत बसलेल्या उतारूने दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडले, तर शेवटी बोटीबरोबर त्यालाही बुडावे लागेल, तसेच एका जातीचे नुकसान करणारी पत्रे साऱ्या समाजाचे आणि त्यात स्वतःचेही नुकसान करतात, असे ते सांगतात. याचा अर्थ ते त्या पत्रांना आपल्याच बोटीतील मानत होते आणि त्यांच्याशीच बोलत होते.

एक गोष्ट तपशिलाची म्हणून नोंदवतो. ‘मूकनायक’चे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, कारण बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते आणि त्यांना उघडपणे संपादक होता येत नव्हते. पत्रासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. मसुद्यात ‘संपादक बाबासाहेब’ असे असेल तर ते दुरुस्त करावे. स्वतःच्या नावाने संपादक म्हणून ते पुढे ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या नंतरच्या पत्रात आले.

हिंदू कॉलनी, दादर:

‘केसरी’च्या नकाराविषयी थोडेसे. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘बहिष्कृत भारत’मध्ये सांगितली आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे सात वर्षांनी. ती सांगण्यामागे केवळ जुने दुःख नव्हते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. त्या काळात सनातनी पत्रांची टीका चालू होती आणि तिला अग्रलेखांतून सविस्तर उत्तरे देणे हे या पत्राचे मोठे काम होते. प्रतिपक्षाचे म्हणणे न वाचता हे काम होणे शक्यच नव्हते.

त्या कामाची किंमतही टिपणात यायला हवी असे मला मनापासून वाटते. ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या ३ फेब्रुवारी १९२८ च्या अग्रलेखात, अंकाचे चोवीस चोवीस रकाने आपण एकट्याने लिहून काढतो, हे त्यांनी वाचकांपुढे मांडले आहे. वकिली, अध्यापन आणि मुंबई विधिमंडळाचे सभासदत्व सांभाळून हे चालले होते, आणि तरीही पैशाअभावी १५ नोव्हेंबर १९२९ नंतर पत्र बंद पडले.

शीव येथील अभ्यासक:

वरील दोन्ही उत्तरे १९३० पूर्वीच्या काळापुरती आहेत. तुमच्या प्रश्नाचा निकाल लावणारा पुरावा माझ्या मते नंतरचा आहे.

२० सप्टेंबर १९३२ रोजी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींचे येरवड्यातील उपोषण सुरू व्हायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी बाबासाहेबांनी आपली बाजू मांडणारे दीर्घ निवेदन वर्तमानपत्रांसाठी प्रसिद्ध केले. तेव्हा देशातील बहुतेक पत्रे त्यांच्या विरोधात होती आणि त्यांचे स्वतःचे ‘जनता’ हे पत्र २४ नोव्हेंबर १९३० पासून चालू होते. केवळ आपल्या पत्रात लिहून थांबणे त्यांना शक्य होते. ते थांबले नाहीत.

दुसरा प्रसंग १९५१ चा आहे. कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर १० ऑक्टोबरला त्यांना संसदेत निवेदन करायचे होते. त्याची प्रत आधी द्यावी, असा आग्रह उपाध्यक्षांनी धरला. ही आपल्या भाषणावरची सेन्सॉरशिप आहे असे मानून बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वार्ताहरांच्या हाती दिले. या निवेदनाच्या आरंभीच आपण खुलासा का करत आहोत याची जी कारणे त्यांनी दिली आहेत, त्यांपैकी एक वृत्तपत्रांविषयीचे आहे. आपल्या देशातील अनेक पत्रांना काही लोकांविषयी जुना पक्षपात आणि काहींविषयी जुना आकस आहे. राजीनाम्याची कारणे माहीत नसली की ती रिकामी जागा ही पत्रे आपल्या मनाने भरून काढतात, ज्यांच्यावर त्यांची मर्जी आहे त्यांना उजळ दाखवतात आणि इतरांना काळे, असा त्या भागाचा आशय आहे. पत्रांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि नेमके त्याच कारणाने त्यांनी आपली बाजू पत्रांच्या मर्जीवर न सोडता स्वतःच त्यांच्यापुढे मांडली. मसुद्यातील ‘पाठ फिरवली’ हे शब्द या माणसाला लागू पडत नाहीत.

पोयबावडीचा वाचक:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ते वाक्य मी काढून टाकत आहे. १९५१ च्या निवेदनाचा तो भाग व्याख्यानात वाचून दाखवावा, असे आता वाटते. आणखी एक शंका आहे. वृत्तपत्रे पुढाऱ्यांचे देव करतात, अशी टीका बाबासाहेबांनी केली आहे. परंतु त्यांच्या स्वतःच्या चळवळीच्या पत्रांतही त्यांचे गुणगान होतच असे. श्रोत्यांपैकी कोणी हा प्रश्न विचारला, तर काय उत्तर द्यावे?

नायगावकर:

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. तुम्ही म्हणता ती टीका १८ जानेवारी १९४३ च्या पुण्यातील न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात आहे. वृत्तपत्र हाताशी असले की थोर पुरुष निर्माण करणे सोपे असते, असे ते तेथे म्हणाले. भाषणात गांधी आणि जिना या दोघांवरही टीका असल्यामुळे काँग्रेसच्या पत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली; तेव्हा छापील पुस्तिकेच्या प्रस्तावनेत त्यांनी उत्तर दिले की, पत्रकारिता हा पूर्वी पेशा होता, आता तो व्यापार झाला आहे, आणि साबण तयार करण्याच्या धंद्याइतकेच नैतिक मूल्य त्यात उरले आहे.

‘जनता’मध्ये त्यांच्या जयंतीचे विशेषांक निघत, हे खरे आहे. ज्या समाजाला कोणी नेता म्हणूनही मोजत नव्हते, त्याने आपल्या नेत्याचा गौरव करणे आणि सत्तेच्या जवळ असलेल्या मोठ्या पत्रांनी आपल्या पुढाऱ्यावरील टीकाच दडपणे, यांत मला मोठा फरक दिसतो. तरीही हा फरक सांगून प्रश्न पूर्ण सुटतो, असे मी म्हणणार नाही. भक्तीविषयीचा त्यांचा इशारा त्यांच्या अनुयायांनाही लागू होता.

शीव येथील अभ्यासक:

नायगावकरांच्या मताशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. त्यांच्या चळवळीची पत्रे एका जातीची नव्हती, हेही श्रोत्यांना सांगावे. चळवळीच्या ‘समता’ या पत्राचे संपादक देवराव विष्णु नाईक आणि पुढे ‘जनता’चे संपादन करणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे दोघेही ब्राह्मण होते, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे हेच. पहिल्या अग्रलेखात मराठी पत्रांवर जो ठपका होता, तो आपल्या पत्रावर येऊ नये याची काळजी बाबासाहेबांनी माणसे निवडतानाच घेतली होती. ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले ते ४ फेब्रुवारी १९५६ रोजी, म्हणजे त्यांच्या अखेरच्या वर्षातही पत्राचे काम त्यांनी सोडलेले नव्हते. टिपणात जागा असेल तर ही तारीखही घालावी.